बाहेरून न दिसणारी खूण

मी वस्तू विसरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. आमची आत्या म्हणते, "तुझं डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून निभावतंय, नाहीतर तेही कुठल्यातरी बसमध्ये राहिलं असतं."

त्या सोमवारी तर मी हद्दच केली. कामासाठी निघाले होते बस आगारातल्या 'हरवले-सापडले' खिडकीवर... आणि कामाची पिशवी बसमध्येच विसरून उतरले. दहा पावलं चालल्यावर हात हलका लागला, मागे वळून पाहिलं, तर बस फाटकातून बाहेर! कप्पाळ माझं.

तासाभराने बस फेरी मारून परत आली, कंडक्टरने पिशवी जमा केली आणि मी खिडकीशी उभी राहिले. आत छतापर्यंत फळ्या होत्या. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे, एक व्हायोलिनची पेटीसुद्धा... आणि टेबलामागे तो. कानामागे पेन्सिल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"माझी पिशवी," मी म्हटलं. "ती काय, तुमच्या मागेच आहे. निळी."

त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आत काय आहे?"

"अहो, ती बघा ना, दिसतेय की इथून!"

"निळी आहे हे मलाही दिसतंय. बाहेरून न दिसणारी एक खूण सांगा. नियम आहे."

"पन्नास छापील प्रश्नावल्या."

"कागद सगळ्यांच्याच पिशव्यांत असतात. आणखी?"

आता आणखी काय होतं ते मला चांगलंच ठाऊक होतं. मागे रांगेत दोघं उभे. मी आवाज खाली केला. "एक... मोजा."

"जोडी?"

"एकच."

"एकच का?"

"दुसरा सापडला तर आणीन की दाखवायला!" माझा पारा चढला.

त्याने पिशवी उघडली, आत डोकावला आणि गंभीर चेहऱ्याने वहीत लिहिलं. पिशवी पुढे सरकवताना मात्र ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "दुसरा मोजा इथे आला, तर कळवतो," तो म्हणाला. शहाणाच!

मग मला सांगावं लागलं की मी गिऱ्हाईक नाही, त्याच्याच खिडकीचा अभ्यास करायला आलेय. माझं काम साधं आहे, पण सांगायला अवघड. माणसं एखादी गोष्ट कशी वापरतात, कुठे अडतात, ते शोधून काढायचं. आगाराच्या साहेबांना ती खिडकी बंद करून तिथे संगणकाचा पडदा बसवायचा होता. वस्तू निवडा, रंग निवडा, बटण दाबा. तसं करावं की नाही, हे आमच्या कंपनीने चार आठवड्यांत सांगायचं होतं. पडदा आला की त्याची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकिटं तपासायला.

"म्हणजे माझा निकाल तुमच्या हातात," तो म्हणाला.

"माझ्या नाही. जे दिसेल त्याच्या हातात."

"मग नीट बघा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

पहिल्या दिवशी मी प्रश्नावल्या वाटल्या. 'आपण या सेवेबद्दल किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये गुण द्या.' ज्याची वस्तू मिळाली त्याने 'पाच' वर खूण केली, ज्याची नाही मिळाली त्याने कागद माझ्या हातात परत कोंबला. एका आजोबांनी तर त्याच कागदात आपला सापडलेला चष्मा गुंडाळून नेला. संध्याकाळी आमच्या कंपनीतल्या मोठ्या बाईंनी गठ्ठा चाळला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"यातून काय कळलं?"

"लोक खूश आहेत," मी म्हटलं.

"हे कळायला पन्नास कागद कशाला? ज्याची वस्तू हरवलीय त्याच्या जिवाची घालमेल चाललेली, त्याला तू एक ते पाचमध्ये गुण द्यायला लावतेस? उद्यापासून कोपऱ्यात बस. बोलायचं नाही, मदत करायची नाही, मधे पडायचं नाही. नुसतं बघायचं. विचारायचं काय ते बघून झाल्यावर."

मंगळवारी मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. मांडीवर हिरव्या पुठ्ठ्याची वही. आमच्या वहीवर कुणाचंच नाव नसतं, माझंसुद्धा नाही. लोक काय काय सांगून जातात, वही हरवली तर कुणाची फजिती नको म्हणून. म्हणून तोही माझ्या वहीत नुसता 'सहभागी एक'.

पण त्या दिवशी सहभागी एक सोंग घेऊन बसला होता! कडक इस्त्रीचा शर्ट, पेन्सिल खिशात, आणि तोंडात "कृपया", "आपला आभारी आहे". मी वहीत लिहिलं, 'पाहिलं जातंय म्हणून वागणं बदललं आहे. यातलं काहीही धरू नये.' बुधवारीही तेच. गुरुवारी गर्दीच्या वेळी एक बाई रडत आली, हातात एकच छोटा बूट, दुसरा बसमध्ये पडलेला... आणि तो मला विसरला. बाह्या वर गेल्या, पेन्सिल कानामागे गेली, टेबलाच्या या बाजूला येऊन तिला स्टुलावर बसवलं. तेव्हा कुठे माझं काम सुरू झालं.

आणि काय बघितलं मी! हा माणूस 'तुमची छत्री काळी होती का?' असं कधीही विचारायचा नाही.

"का?" दुपारी खिडकी अर्धा तास बंद असायची, तेव्हा मी विचारलं. ही मुलाखतीची वेळ, तेव्हा बोलायला मुभा होती.

"काळी का म्हटलं की कुणीही हो म्हणणार. उत्तर मीच दिलं ना त्याला." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आणि दुसरं म्हणजे माणसं खोटं बोलत नाहीत हो, पण चुकीचं सांगतात. वस्तू घेतली तेव्हा कशी होती ते सांगतात, हरवली तेव्हा कशी होती ते नाही. छत्री गडद निळी म्हणतात, ती बिचारी उन्हात विटून राखाडी झालेली असते. रोज हातात धरतात, पण बघत कुणीच नाही."

"मग ओळखता कसं?"

"शेवटची कधी उघडली होती, ते विचारतो. मग आठवतं... दारात उघडली, तर एक काडी वाकलेली होती, शेजारणीच्या डोळ्याला लागता लागता राहिली. झालं. वाकलेल्या काडीची राखाडी छत्री."

माझा चहा हातातच राहिला. आम्हाला कामाच्या पहिल्या महिन्यात हेच तर घोकून घेतात. प्रश्नातच उत्तर भरायचं नाही. 'तुम्ही काय कराल' असं विचारायचं नाही, 'मागच्या वेळी काय झालं' असं विचारायचं. आणि हा पठ्ठ्या एकही पुस्तक न वाचता सहा वर्षं ते करत होता! सहा वर्षांत एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नव्हती. पडद्यावर 'गडद निळी' दाबणाऱ्याला ती राखाडी छत्री जन्मात सापडली नसती.

"आता मी विचारू एक?" तो म्हणाला.

"मुलाखत मी घेतेय."

"तुम्ही रोज त्या वहीत एवढं काय लिहिता, हेरबाई?"

"प्रश्नात उत्तर नाहीये. बरा विचारलात," मी म्हटलं आणि वही मिटली.

त्या दिवसापासून मी हेरबाई झाले.

दुसरा आठवडा असाच गेला. पंख्याची घरघर, खिडकीबाहेर फिरणाऱ्या बस, आणि मधूनच, एखाद्या मजेदार माणसाला निरोप देऊन झाला की त्याची कोपऱ्याकडे येणारी नजर... बघितलंत का? अशी. मी बघितलेलं असायचंच. हसायची मात्र मला मनाई होती, म्हणून मी वहीत तोंड खुपसायची.

घरी आत्याला संशय आलाच. तिची मुलाखत घ्यायची तऱ्हा आमच्या मोठ्या बाईंच्याही वरताण आहे. ती काहीच विचारत नाही. समोर बसून मटार सोलते. गप्प... अगदी गप्प. पाच मिनिटांत समोरचा माणूस आपणहून पोपटासारखा बोलायला लागतो.

"त्याच्या खिडकीत ना, एक व्हायोलिन आहे," मी न राहवून म्हटलं.

आत्याने शेंग सोलली.

"दोन वर्षं कुणी न्यायला आलं नाही. तो दर महिन्याला त्याच्या तारा सैल करून ठेवतो. तुटू नयेत म्हणून."

"हं," आत्या म्हणाली. "आणि जेवायला काय आणतो?"

"दोन पोळ्या आणि... आत्या!"

तिने हसत मटारांचं भांडं उचललं. मला मात्र त्या रात्री ताप भरला. खराच ताप, हवा बदलल्याचा. बुधवारी मी जाऊ शकले नाही. गुरुवारी गेले तेव्हा विचारलं, "काल काही विशेष?"

"काही नाही," तो म्हणाला आणि फळीवरच्या छत्र्या उगाचच पुन्हा लावायला लागला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी अहवालासाठी वही उघडली. सुरुवातीची पानं ठीक होती. अमुक वाजता अमुक माणूस, काय विचारलं, कुठे अडलं. पुढे पुढे मात्र... 'ऐकताना मान डावीकडे कलते.' 'छोट्या मुलांना वस्तू देताना स्वतः खाली बसतो.' 'आज पेन्सिल डाव्या कानामागे.' पेन्सिल कुठल्या कानामागे आहे याचं आगाराच्या साहेबांना काय करायचं होतं? आणि शेवटचं पान तर... ते मी तापात लिहिलं होतं. त्याच्याबद्दल नंतर सांगते.

मला त्याची खिडकी वाचवायची होती. जीव तोडून वाचवायची होती, आणि तीच तर अडचण होती. मी लिहिलेलं खरं असेल, पण ते कोण लिहितंय? त्याच्यावर जीव जडलेली बाई. उद्या साहेबांनी विचारलं, तुमची निरीक्षक तटस्थ होती ना, तर मोठ्या बाई काय सांगणार? आणि समजा, मीच भुलले असेन तर? विटलेली छत्री मला गडद निळी दिसत असेल तर?

रात्रभर तळमळून सकाळी मी मोठ्या बाईंपुढे उभी राहिले. "माझी निरीक्षणं बाद करा."

"का?"

"मला तो आवडतो."

बाई म्हणाल्या, "खिडकी बंद झाली तर?"

"तर होईल," मी म्हटलं. "पण माझ्या भरवशावर चालू राहिली, तर ती केव्हाही बंद पाडता येईल."

त्यांनी माझ्या जागी ज्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो त्याला पाठवायचं ठरवलं. हा मुलगा हसतोसुद्धा ठरल्या वेळी. एक आठवडा तो बसणार आणि त्याचंच धरलं जाणार. "आणि तुझ्या माणसाला कारण सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "नाहीतर तो पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसेल."

त्या संध्याकाळी मी खिडकीवर गेले. बाहेर बारीक भुरभुर चालली होती. "सोमवारपासून दुसरा माणूस येईल," मी म्हटलं.

त्याच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग?"

"सांगता येत नाही."

"तीन आठवडे तुम्ही माझं सगळं बघितलंत, हेरबाई," तो हळूच म्हणाला. "मला एवढंही विचारायचं नाही का?"

मी बोलले असते तर रडले असते. धावत समोरची बस पकडली, खिडकीशी बसले आणि सगळा रस्ता रडतच गेले. घरी पोचले, आत्याने दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं.

"वही कुठाय?" ती म्हणाली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. वही त्याच्याच फळीवर गेली असणार, यात शंका नव्हती. पण आठवडाभर मला त्या खिडकीकडे फिरकायची बंदी. शुक्रवारी घड्याळाचा अहवाल आला आणि मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

"खिडकी राहतेय," त्या म्हणाल्या. "पडदा बाहेर, नुसती तक्रार नोंदवायला. विचारायला आत माणूस. साहेबांनी वर्षभरासाठी मान्य केलंय." माझा जीव भांड्यात पडला. "एक गोष्ट मात्र आमच्या घड्याळाला उलगडली नाही. हे वाच."

त्याने नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'सहभागी एकने मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू दिले नाही, ती राखीव असल्याचे सांगितले. दिवसातून सरासरी चाळीस वेळा तो त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहतो. कारण अज्ञात.'

मी कागद हातात धरून उभीच राहिले. "वाचून झालं असेल तर तुझी वही आण," बाई म्हणाल्या. "कपाटात बंद करायची आहे. लोकांच्या गोष्टी आहेत तीत." मग माझं तोंड पाहून त्यांना काय ते कळलं. "कुठे विसरलीस, ते मी विचारत नाही."

शनिवारी सकाळी मी रांगेत उभी राहिले. माझ्या मागे एक जाडजूड आजी, त्यांचा थर्मास हरवला होता. नंबर आला. त्याने मान वर केली... आणि कानामागची पेन्सिल खाली पडली.

"वही," मी म्हटलं. "हिरव्या पुठ्ठ्याची. ती काय, मागे."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "नाव आहे वहीवर?"

"नाही. तुम्हाला माहितेय नाही ते."

"मग बाहेरून न दिसणारी खूण सांगा."

"अहो, तीन आठवडे रोज तुमच्यासमोर होती ती वही!"

"सापडली तशी ठेवलीय. उघडली नाही. आधी मालकाने सांगायचं, मग मी उघडायची." चेहरा गंभीर, पण कान लालभडक झाले होते. "नियम आहे."

"बाराव्या पानावर चहाचा डाग."

"चहाचा डाग कुठल्या वहीत नसतो?"

"मधे बसचं तिकीट आहे."

"ते बाहेरूनच दिसतंय. आणखी?"

"सांग ना गं बाई पटकन," मागून आजी म्हणाल्या. "माझा थर्मास तिकडे कुणीतरी नेईल."

मी डोळे मिटून घेतले. होऊन जाऊ दे एकदाचं. "शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे. चार वेळा लिहिलेला. पहिले तीन खोडलेत."

"काय आहेत?"

"पहिला, 'तुम्हाला मी आवडते का?' तो खोडला. उत्तर प्रश्नातच आहे, कुणीही हो म्हणेल." रांगेतल्या माना पुढे आल्या. "दुसरा, 'मी आवडले तर तुम्ही काय कराल?' तोही खोडला, कारण... माणसं काय करणार ते सांगतात, तसं करत नाहीत. तिसरा, 'एक ते पाचमध्ये किती आवडते?' तो रागाने खोडलाय. कागद फाटलाय तिथे."

"आणि चौथा?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"चौथा खोडलेला नाही. 'बुधवारी मी आले नाही, त्या दिवशी काय झालं?'"

त्याने वही काढली. शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. फाटलेल्या जागी बोट थांबलं. मग त्याने वही मिटली, पण मला दिली नाही.

"बुधवारी मी दोन कप चहा मागवला," तो म्हणाला. "सवयीने. दुसरा गार झाला. दुपारी दारातून पिवळ्या कुर्त्यातलं कुणीतरी आलं, मला वाटलं तुम्ही. समोरचा माणूस त्याच्या छत्रीबद्दल सांगत होता, त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. मी त्याला भलतीच छत्री दिली."

"तुम्ही?" मी ओरडलेच. "सहा वर्षांत..."

"पहिल्यांदा. त्या आठवड्यात शनिवारी त्याने परत आणून दिली तेव्हा कळलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली. सांगितलं असतं तर तुम्ही वहीसाठी कारणही विचारलं असतंत... आणि मी खोटं बोललो नसतो." त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ. "मला तुम्ही आवडता, हेरबाई. कुणी विचारायच्या आधीपासून."

मी सगळ्यांदेखत लाजले. मी, जी एका मोज्यावरून भांडले होते! मागे आजींनी पदराने डोळे टिपले आणि लगेच म्हणाल्या, "आता माझा थर्मास बघता का? आत लिंबाचं सरबत आहे, हीच खूण."

त्याने हसत माझ्यापुढे नोंदवही सरकवली, मी सही केली, हिरवी वही छातीशी धरली. बाजूला होताना त्याने हळूच विचारलं, "उद्या येणार ना?"

"उत्तर प्रश्नातच आहे," मी म्हटलं. "चुकीचा प्रश्न."

"मग कसा विचारू?"

"विचारू नका. बघा."

दुसऱ्या दिवशी पिवळा कुर्ता घालून मी बसमध्ये बसले, आणि अर्ध्या वाटेत डोक्यात उजेड पडला. रविवार! रविवारी खिडकी बंद असते. आम्हा दोघांनाही भान नव्हतं. उतरून परत फिरावं असं दोनदा मनात आलं, पण पाय काही उठले नाहीत. आगारात पोचले. शटर खाली होतं, कुलूप लावलेलं.

आणि पायरीवर तो बसला होता, बाह्या दुमडून. शेजारी चहाचे दोन कप, बशीने झाकलेले. मी फाटकातून आत आल्यापासून तो माझ्याकडेच बघत होता. मी जाऊन शेजारी बसले. बशी काढली. चहा अजून गरम होता.